पद्मिनीचं मिसिंग: मिरज ते जोतिबा

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

गाडी घरी आली. १९७९ ची प्रीमियर पद्मिनी, फिकट राखाडी रंग, हॅन्डगिअर (गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ). मिरजेहून कोल्हापूर पन्नास किलोमीटर, त्याला सव्वातीन तास लागले.

मूळ मालक तीन वर्षांपूर्वी वारले. वारस म्हणून गाडी त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आजींच्या, नावावर झालेली होती, कागद स्वच्छ होते. पत्रा ठणठणीत, मॅटिंग उचलून बघितलं तर खाली गंज नाही. आजींची अट एकच: भंगारात घालायची नाही. निघताना त्यांनी घडी घातलेलं एक सुती फडकं आणि पाण्याची बाटली पुढच्या सीटवर ठेवली. "चढाला बंद पडली की बॉनेट उघडून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं. हे नेहमी टाकायचे. पंधरा मिनिटं थांबलं की चालते." डॅशबोर्डच्या कप्प्यात मालकांची एक लांबट वही होती. तीही मी मागून घेतली.

थंड असताना चोक ओढून दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. आयडलिंगला डुलत होतं, पण बंद पडत नव्हतं. त्रास सुरू झाला हातकणंगल्याच्या आसपास. तिसऱ्या गिअरला चाळीसच्या पुढे गेलं की हिसके, म्हणजेच मिसिंग. एक्सलेटर दाबला की इंजिन सोडायचं, पाय सैल केला की पुन्हा धरायचं. सायलेन्सरमधून फटाके. तीनदा पूर्ण बंद पडली. तिन्ही वेळा फडकं ओलं करून पंपावर टाकलं, पंधरा मिनिटं थांबलो, आणि तिन्ही वेळा चालू झाली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

संध्याकाळी मिस्त्रीमामा बघायला आले. उद्यमनगरात आमच्या मशीन शॉपच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं, आता वय झालं म्हणून बंद केलंय. तरुणपणी त्यांनी मुंबईत अकरा वर्षं फियाट टॅक्स्यांचीच कामं केली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी म्हणून चालत नाही, ही बातमी आली त्या दिवशी ते जेवले नव्हते असं मामी सांगतात.

बॉनेट उघडल्यावर मामा आधी काही बोललेच नाहीत. हेडवरून हात फिरवला. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली कंपनी काढली, १९६४ मध्ये फियाट अकराशे डिलाइट आली, आणि पुढे त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसी. बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. यात असं काहीच नाही जे हाताला लागत नाही किंवा डोळ्याला दिसत नाही. म्हणूनच मला ही गाडी हवी होती. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. जे बिघडलंय ते इथेच कुठेतरी आहे आणि सापडणारच.

मामा म्हणाले, "कार्बोरेटर खोलू नगंस. सगळी आधी कार्बोरेटरलाच हात घालत्यात. आधी कॉम्प्रेशन, मग करंट, मग पेट्रोल."

मी त्यात माझा एक नियम घातला. एका वेळी एकच बदल, त्यानंतर गाडी चालवून बघायची, आणि मग वहीत लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते कधीच कळत नाही. आमच्या शॉपमध्ये जॉब रिजेक्ट झाला की आम्ही हेच करतो.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मामांचा क्रम पहिल्याच पायरीला मोडावा लागला, कारण टाकीचं झाकण उघडल्यावर पेट्रोलचा वासच आला नाही. जुन्या वॉर्निशसारखा आंबट-कुबट वास होता. या पेट्रोलवर कुठलीही चाचणी केली तर ती खोटीच निघणार.

टाकी डिकीतून उतरवली. सात-आठ लिटर निघालं, रंग चहासारखा. तळाला लाल गंजाचा गाळ आणि थोडं पाणी. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी उभी राहिली की ते पाणी खाली बसतं आणि पत्र्याला खातं. शिवाय चाळीस वर्षांचा जमलेला मळ ते सोडवतं आणि पुढे पाठवतं. फिल्टर उलटा करून फुंकला तर हवा जेमतेम गेली.

टाकीत मूठभर नट आणि एक सायकलची चेन टाकून आम्ही दोघांनी अर्धा तास ती हलवली, धुतली, उन्हात वाळवली. रबरी पाइप जुन्या धाटणीचे, आतून फुगून मऊ झालेले. सगळे बदलले, इथेनॉल चालणारे घातले. पंपाचा डायफ्राम कडक झाला होता, तोही बदलला. नवा फिल्टर, दहा लिटर ताजं पेट्रोल.

रंकाळ्याला एक फेरी. स्टार्टिंग सुधारलं. मिसिंग जसंच्या तसं.

रविवार, ९ नोव्हेंबर

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतो ते. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, एक्सलेटर पूर्ण दाबून: १२०, १२५, ८५, १२० पीएसआय.

तिसरा सिलेंडर बघून पोटात गोळा आला. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर इंजिन खाली उतरवावं लागणार. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. ऑइलने रिंगांची फट तात्पुरती बुजते, त्यामुळे आकडा वाढला तर दोष रिंगांचा. आकडा ८५ वर ८५ च राहिला. म्हणजे गळती वरून होती, व्हॉल्व्हमधून.

इंजिन थंड होऊ दिलं आणि दुपारी टॅपेट कव्हर काढलं. टॅपेट व्हॉल्व्हला दाबून उघडतो; व्हॉल्व्ह मिटलेला असताना दोघांत बारीक फट लागते. तिसऱ्याच्या एक्झॉस्टच्या टॅपेटला फटच नव्हती. फट मोजायच्या फीलर गेजची सगळ्यात बारीक पत्तीही शिरेना. व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता, केसभर उघडा राहत होता. आजवर कुणीतरी टॅपेटचा आवाज बंद व्हावा म्हणून ते आवळले असणार. टॅपेट थोडा वाजलेला परवडतो, आवळलेला परवडत नाही. आवळलेल्याने व्हॉल्व्ह जळतो.

मामांनी सेटिंगची त्यांची पद्धत दाखवली. ज्या सिलेंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलतायत, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, त्याचा आकडा पाचातून वजा करायचा. उरेल त्या सिलेंडरचे टॅपेट लावायचे. चौथ्याचे हलताना पहिल्याचे, दुसऱ्याचे हलताना तिसऱ्याचे. आठही मॅन्युअलच्या मापाने लावले. पुन्हा गरम करून मोजलं: १२०, १२५, ११५, १२०.

रात्री बायकोला ते ११५ दोनदा सांगितलं. व्हॉल्व्ह जळला नव्हता, वेळेत सापडला.

आयडलिंगचं डुलणं निम्म्यावर आलं. चढाला हिसके तसेच.

शनिवार, १५ नोव्हेंबर

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीनं करंट वाटणारा भाग. कॅप काढली, आत कार्बनची बारीक पूड. पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं, उघडून उजेडात धरले. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला त्याच मापाची टेकडी, आणि कडेला निळसर काळपट झाक. धातू एका टोकाकडून उडून दुसऱ्यावर बसलाय. हे कंडेन्सर नीट काम करत नसल्याचं लक्षण. पॉइंट उघडतात त्या क्षणी प्राथमिक वायरीतला करंट फटीतून उडी मारू बघतो. कंडेन्सर तो झेलतो, म्हणून कॉइलमधला प्रवाह झटक्यात तुटतो आणि प्लगला जोरकस ठिणगी मिळते. कंडेन्सर नसेल तर ठिणगी पॉइंटवरच पडते आणि प्लगपर्यंत उरलंसुरलं पोचतं. प्लगची वायर काढून बघितलं तेव्हा ठिणगी पिवळी, बारीक.

माझा नियम इथे थोडा वाकवला. पॉइंट आणि कंडेन्सर ही जोडी एकत्र बदलली. गॅप ०.४ मिमी. कॅप आणि रोटर आतून पुसून तेच ठेवले. ठिणगी निळी झाली, तिचा आवाजही बदलला, आता "टक्" असा ऐकू येतो.

टायमिंग लाइट (प्रत्येक ठिणगीला चमकणारा दिवा) लावून बघितलं तर ठिणगीचं टायमिंग बरंच पुढे ओढलेलं. मॅन्युअलप्रमाणे मागे घेतलं. सुस्त इंजिनाला जरा ताव यावा म्हणून कुणीतरी ते पुढे नेलं असणार. आधीचा दोष झाकायला नवा दोष. या गाडीत मला पदोपदी हेच भेटतंय.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

शॉपला जाताना दसरा चौकात बंद. ठिणगी पुन्हा पिवळी. नवा कंडेन्सर तीन दिवसांत मेला. दुकानदाराने डबीतून, सीलबंद, माझ्यासमोर काढून दिलेला होता. मामांनी त्यांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून एक वापरलेला कंडेन्सर दिला, कुठल्या तरी टॅक्सीतला. तो लावला, ठिणगी निळी. एक जादा कंडेन्सर आता कायम डिकीत राहणार.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आता कार्बोरेटर.

आधी खोलला नाही. इंजिन चालू ठेवून बुडाभोवती क्लीनरचा अगदी बारीक फवारा मारला, बाजूला वाळूची बादली ठेवून. मागच्या कोपऱ्याला फवारा लागला की इंजिनचा आवाज चढायचा. तिथून बाहेरची हवा आत शिरत होती.

उतरवून बुडाची बाजू पट्टीला लावली आणि खिडकीसमोर धरली. मधोमध बारीक उजेड दिसला. ०.१५ ची पत्ती सहज गेली. गळतंय म्हणून प्रत्येकानं नट आणखी आवळले, आवळल्यानं फ्लँजचे, म्हणजे त्या बुडाच्या कडेचे, दोन्ही कान वाकले, वाकल्यानं आणखी गळायला लागलं. सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटीवर, चारशेचा पॉलिश पेपर पसरला, त्यावर केरोसिनचे थेंब टाकले आणि आठच्या आकड्यात हात फिरवत बसलो. आधी फक्त दोन्ही कान चमकले, मधला पट्टा काळाच. मग चमक कडेवरून आत आत सरकत गेली, आणि तासाभरानं सगळं तोंड एका रंगाचं झालं. हे माझं रोजचं काम, पण शॉपमध्ये घासताना इतका आनंद होत नाही. पॅकिंग शीटमधून कापलं, नट हलक्या हाताने लावले.

रविवार, २३ नोव्हेंबर

हवेची गळती बंद झाली आणि गाडी काळा धूर ओकायला लागली. प्लग काढले तर चारही काजळीने काळे कुळकुळीत.

हिशेब लक्षात यायला वेळ लागला नाही. चोरवाटेनं हवा शिरत होती, म्हणून मिश्रण पातळ पडायचं. ते भरून काढायला कुणीतरी पेट्रोल वाढवलंय. आता चोरवाट बुजली, वाढवलेलं पेट्रोल राहिलं. मेन जेट, म्हणजे ज्याच्या भोकातून पेट्रोल मोजून जातं तो भाग, काढून पिन गेज लावले. जेटवर कोरलेल्या आकड्यापेक्षा दशांश मिलिमीटर मोठी पिन आरामात आत गेली. भिंगातून आत उभे ओरखडे दिसतात, म्हणजे तार नाहीतर ड्रिल घातलंय. दशांश म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण सव्वा मिलिमीटरच्या भोकाला दशांशानं मोठं केलं की त्याचं क्षेत्रफळ सोळा टक्क्यांवर वाढतं.

रात्री मालकांची वही काढली. इतके दिवस ती नुसतीच ठेवली होती. प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्याची नोंद आहे: तारीख, किलोमीटर, लिटर, आणि शेवटच्या रकान्यात ॲव्हरेज. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. २०११ च्या मे महिन्यापर्यंत तेरा, साडेबारा, तेरा. मग एक ओळ: "कार्बोरेटर ओव्हरहॉल केला. पिकअप सुधारला." त्यानंतर साडेनऊ. दहा. नऊ. पुढे शेवटपर्यंत दोन आकडी जेमतेम. त्यांनी एकदा समासात लिहिलंय, "पेट्रोल चांगले मिळत नाही."

पेट्रोल चांगलंच होतं. शेवटची दहा-अकरा वर्षं ते प्रत्येक टाकीमागे या ओरखड्यांचे पैसे मोजत होते, आणि त्यांचं गाडीवरचं लक्ष इतकं काटेकोर की ती तारीखसुद्धा मला आज सापडते. हे त्यांना सांगता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

योग्य मापाचा जेट मामांच्याच डब्यात सापडला. पिन लावून मोजला, मग बसवला. फ्लोट पाण्यात बुडवून बघितला, बुडबुडे नाहीत. आयडलिंग आता असं की बोनेटवर उभी ठेवलेली पेन्सिल पडत नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

जोतिबाचा डोंगर. उद्या रविवार, देवाचा वार, रस्ता भरलेला असतो, म्हणून आजच निघालो. शिवाजी पूल ओलांडून केर्लीपर्यंत गाडी अशी पळाली की मी मामांकडे आणि मामा माझ्याकडे बघत होते. केर्लीहून वळून चढ लागला. पहिल्या मोठ्या वळणाला तिसऱ्यात एक्सलेटर दाबला आणि हिसका. पुन्हा हिसका. फटाका. बंद.

दोघेही गप्प. टाकी, टॅपेट, पॉइंट, फ्लँज, जेट. पाच खरे दोष काढले होते, त्यातला एकही कल्पनेतला नव्हता. आणि मिरजेहून येताना जे होतं ते अजून तसंच होतं.

मामा फडकं घ्यायला डिकीकडे गेले. मी आत बसलो होतो, सहज सेल्फ मारला. एका झटक्यात चालू.

मामा मागे वळून बघत राहिले. पाइपात पेट्रोलची वाफ अडकली असेल तर ते अर्ध्या मिनिटात मोकळं होत नाही. मी खाली उतरून पंपाला हात लावला, हात सहज ठेवता येत होता. मग आजवर मालक पंधरा मिनिटं थांबायचे ते कशासाठी? फडकं टाकलं, थांबलो, चालू झाली, म्हणून फडक्यानं चालू झाली असं प्रत्येकानं धरलं. न थांबता सेल्फ कुणी मारलाच नव्हता. मीही नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

शॉपमधून लवकर निघून त्याच चढाला गेलो. हिसके आले तसं मुद्दाम बंद पडू दिली. कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत धरला, सेल्फ मारला. पेट्रोल धारेनं आलं, बुडबुडा नाही. फ्लोट चेंबरही भरलेला. पेट्रोलचा विषय मिटला.

राहिला करंट. पण उभ्या गाडीवर कितीही रेस दिली तरी ठिणगी चोख दिसते. दोष दिसायला गाडी चढावर हवी, आणि तेव्हा आपण आत बसलेलो असतो.

शनिवार, ६ डिसेंबर

मामांना रात्री सुचलं. टायमिंग लाइटचा चिमटा एका प्लगच्या वायरीऐवजी कॉइलमधून निघणाऱ्या मधल्या वायरीला लावायचा आणि लाइट बाहेरून काचेवर, तोंड आमच्याकडे करून चिकटवायचा. चार सिलेंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या, म्हणजे अडीच हजार आरपीएमला मिनिटाला पाच हजार. डोळ्याला तो दिवा अखंड पेटलेला दिसणार. आता इंजिन अडखळल्यावर दिवा पेटत राहिला तर दोष पेट्रोलचा, विझला तर करंटचा.

बॅटरीपासून वायरी वाढवून घेतल्या, लाइट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टीने काचेच्या डाव्या कोपऱ्यात बसवला. उजेडात दिसणार नाही म्हणून मावळतीनंतर निघालो. केर्ली सोडल्यावर अंधार पडला होता. काचेवर तो पांढरा ठिपका थरथरत होता, इंजिनाची नाडी बाहेर काढून ठेवल्यासारखा. मामा रस्त्याकडे न बघता त्याच्याकडेच बघत होते.

वळण आलं. तिसरा गिअर. दाबला.

ठिपका विझला. हिसका त्यानंतर बसला. पाय सैल केला, ठिपका पेटला. पुन्हा दाबला, विझला. चार वेळा केलं, चारही वेळा आधी अंधार, मग हिसका.

"करंट जातोय," मामा हळूच म्हणाले. मग मोठ्यानं, "आरं, दाबल्यावरच का जातोय? दाबल्यावर इंजिनचं काय हुतंय?"

रविवार, ७ डिसेंबर

दाबल्यावर इंजिन कलंडतं.

सकाळी अंगणात बॉनेट उघडं ठेवून, हॅन्डब्रेक ओढून, पायानं ब्रेक धरून पहिल्या गिअरला क्लच जरासा सोडला. मामा समोर उभे होते. "उठतंय बघ की! लई उठतंय!" इंजिन ज्यावर बसतं त्यातलं एका बाजूचं फाउंडेशन रबर लोखंडापासून पूर्ण सुटलेलं. वरून अखंड दिसत होतं, कारण इंजिनाच्या वजनानं ते जागेवर दाबून बसलेलं. ताण आला की इंजिन तिथून दोन बोटं वर जायचं.

आणि कॉइल कुणीतरी नंतर बॉडीवर लावली आहे. डिस्ट्रिब्युटर इंजिनवर, कॉइल बॉडीवर, मध्ये एक बारीक वायर, आखूड कापलेली. इंजिन उठलं की ती वायर ताणली जाणार. ती चाचपत गेलो. वरचं आवरण चांगलं, चिरही नाही. डिस्ट्रिब्युटरच्या टोकापासून तीन बोटांवर मात्र ती एकदम मऊ लागली, समईतल्या भिजलेल्या वातीसारखी. ब्लेडने आवरण उभं कापलं. आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या, तुटलेल्या. एकही तार शाबूत नव्हती, सगळ्यांची टोकं एकमेकांना नुसती टेकलेली. इंजिन सरळ असेल तेव्हा टेकतात, उठलं की सुटतात. बंद पडलं की इंजिन आपल्या जागी बसतं, टोकं पुन्हा टेकतात, गाडी लगेच चालू होते. पंधरा मिनिटं थांबलं तरी, न थांबलं तरी.

मामांना लगेच फाउंडेशन बदलायचं होतं. मी आज फक्त वायर बदलली, चांगली लांब, वळसा देऊन ढिली सोडली. इंजिन अजून उठतंय तसंच राहू दिलं. दोष या वायरीतच होता हे मला याच चढावर बघायचं होतं.

दुपारी गर्दीतूनच डोंगर चढलो. पालख्या, बैठका टाकलेले टेम्पो, दोन्ही बाजूंना नारळवाले. पहिल्या वळणाला दाबलं, दुसऱ्याला दाबलं, वरच्या कमानीपर्यंत दाबतच गेलो. एकही हिसका नाही. मामांनी खिडकीतून हात बाहेर काढून "चांगभलं" केलं. वर गुलालानं रंगलेल्या पायऱ्यांवर आम्ही दोघं बराच वेळ बसून राहिलो.

शनिवार, १३ डिसेंबर

दोन्ही बाजूंची फाउंडेशन रबरं बदलली. काढलेल्यांपैकी सुटलेलं रबर हातात दोन तुकड्यांत आलं. इंजिनाच्या या हालचालीनं सायलेन्सरच्या पुढच्या जोडाचं पॅकिंगही उडालं होतं, तेही घातलं. गिअर आता लोण्यासारखा पडतो. तो कडक आहे तो जुन्या हॅन्डगिअरचा स्वभावच असेल असं मी धरून चाललो होतो.

टाकी काठोकाठ भरली. किलोमीटर लिहून ठेवले.

रविवार, २१ डिसेंबर

मिरज. जाताना पन्नास मिनिटं... नाही, जयसिंगपुरात चहाला थांबलो ते धरून सव्वा तास. वाटेत एकदाही बॉनेट उघडलं नाही.

आवाज ऐकून आजी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना पुढच्या सीटवर बसवून गावातून फेरी मारली, मिरासाहेब दर्ग्यापर्यंत आणि परत. पहिली काही मिनिटं त्या बोलल्याच नाहीत, हात डॅशबोर्डच्या कप्प्यावर होता. मग म्हणाल्या, "फडकं टाकलं नाहीत ते?"

मी त्यांना वायरीचा तो कापलेला तुकडा दाखवला, खिशात ठेवलाच होता. कसं व्हायचं ते सांगितलं. त्यांनी तो चष्म्याजवळ धरला, हिरव्या तारांवरून बोट फिरवलं. "एवढीशी," त्या म्हणाल्या. "आणि हे माझ्यावर चिडायचे, फडकं आणायला विसरले की." तुकडा त्यांनी परत दिला नाही. पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

परतताना टाकी पुन्हा काठोकाठ भरली. मालकांच्या वहीत, त्यांच्या शेवटच्या ओळीखाली एक ओळ सोडून, त्यांनीच आखलेल्या रकान्यांत लिहिलं: तारीख, किलोमीटर, १६.४ लिटर, ॲव्हरेज १२.९.

येताना उदगाव पुलाच्या पुढे ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते असं जाणवलं. शनिवारी पुढची दोन्ही चाकं काढून व्हील सिलेंडर बघायचे. आधी डावं, मग चालवून बघायचं, मग उजवं.